नववी चौकट

‘अवतार’ या शब्दाचा आमच्या घरापुरता अर्थ राधेनं लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ठरवून टाकला होता. मी लुंगी-बनियनवर, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून कूलरमध्ये पाणी ओतत होतो आणि दारात तिच्या माहेरची मंडळी येऊन उभी राहिली. ती फक्त एवढंच म्हणाली, “बाप्पा! काय हा अवतार!” तेव्हापासून मी किती अवतार घेतले याला गणती नाही. दाढी वाढली की अवतार, आणि नवा शर्ट घातला तरी अवतारच. आमच्याकडे मिक्सर जळला की त्याचा अवतार संपतो, तिचा भाऊ येत नाही, अवतरतो, आणि आमच्या लेकीनं मोबाईलमध्ये स्वतःचं जे मोठ्या डोळ्यांचं कार्टून करून ठेवलं आहे त्यालाही म्हणे अवतारच म्हणतात. देवानं एवढ्या कष्टानं दहा वेळा केलेली गोष्ट आपण लोकांनी पार चिल्लर करून टाकली आहे.

हे सगळं ठाऊक असूनही तो शब्द मी घराबाहेरच्या भिंतीवर नेला. आता भोगतो आहे.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर प्रफुल्ल येईल. प्रफुल्ल कोण ते पुढे कळेलच. रस्त्याच्या कडेनं आमची आणि शेजारच्या यादोराव टेंभुर्णे यांची मिळून एक लांब कंपाऊंडची भिंत आहे. आम्ही दोघांनी एकाच वर्षी घरं बांधली, एकाच मिस्त्रीनं आम्हाला सारखंच फसवलं, आणि त्या दुःखातून आमची मैत्री जमली. भिंतीच्या समोर, रस्त्यापलीकडे, पानठेला आहे. पानठेल्यावर खर्रा मिळतो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की त्याचा खर्रा होतो, आणि तो आमच्या भागातला सर्वपक्षीय आहार आहे. खर्रा तोंडात असताना माणूस बोलत नाही, नुसत्या माना हलवतो. बोलायची वेळ आली की तो रस्ता ओलांडून आमच्या भिंतीशी येतो, मोकळा होतो आणि मग परत जाऊन बोलतो. आमची भिंत मूळची पिवळी आहे हे आता फक्त मला, यादोरावांना आणि त्या मिस्त्रीला ठाऊक होतं.

मी काही गप्प बसलो नव्हतो. मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो तेव्हा प्रभारी अधीक्षक होतो. लोक यातला ‘प्रभारी’ तेवढा लक्षात ठेवतात. तर मी भिंतीवर स्वतः मसुदा करून लिहवून घेतलं, ‘येथे थुंकण्यास सक्त मनाई असून उल्लंघन करणाऱ्याविरुद्ध योग्य ती कारवाई प्रस्तावित करण्यात येईल. आदेशावरून.’ लोक थुंकता थुंकता ते वाचू लागले. मजकूर मोठा असल्यामुळे ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबत. एका रसिकानं तर नेमका ‘आदेशावरून’वर नेम धरला.

“देवाईच्या टाइल्स लावा जी,” सगळी आळी म्हणू लागली. “देवावर कोणी थुकत नाई.” पण तळहाताएवढ्या टाइल्स हे मला कमीपणाचं वाटलं. जिन्याच्या कोपऱ्यात लावतात त्या. एवढी लांब भिंत, तर तिच्यावर संपूर्ण दशावतार का नको? एकेका चौकटीत एकेक अवतार, खाली नंबर आणि नाव. भिंत मोजली तर बरोबर दहा चौकटी बसल्या, आठ माझ्या बाजूला आणि दोन यादोरावांच्या. भिंतच सांगत होती, असं मला त्या दिवशी वाटलं.

यादोराव पोस्टातून निवृत्त झालेले. शांत माणूस. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे आणि रोज सकाळी तिच्यावरून त्यांचा हात पेपर घेऊन इकडे येतो व माझा हात चहाचा कप घेऊन तिकडे जातो. पेपर एकच, चहा एकच ठिकाणी, असा आमचा करार. फक्त त्यांना एक वाईट खोड आहे. शब्दकोडं ते आधीच भरून टाकतात. सगळं नाही, एक शब्द माझ्यासाठी सोडतात, तोही दोन अक्षरी, ‘सूर्य’ किंवा ‘नदी’ असा. दयेनं सोडलेल्या त्या शब्दाचा मला कित्येक वर्षं राग येत आला आहे, आणि तरी तो भरल्याशिवाय माझी आंघोळ होत नाही.

मी त्यांना म्हटलं, “भाऊ, भिंतीवर देव काढावे म्हणतो. दोन चौकटी तुमच्याकडे येतील.”

“काढा ना जी,” ते म्हणाले. “माह्याकडली भिंत कोणती पिवळी राहिली? देव तुमचे, भिंत दोघाईची.” कोणते देव, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याच दिवशी ते आणि त्यांच्या पत्नी पार्वताबाई नाकाडोंगरीला गेले. त्यांची लेक सरिता तिथं दिलेली, जावई मॅंगनीजच्या खाणीत, आणि सरिता बाळंत होणार होती. जाताना त्यांनी पेपरवाल्याला सांगितलं की पेपर थेट लक्ष्मणरावांकडे टाक. म्हणजे माझ्याकडे. कोरं कोडं हाती आलं आणि मला त्यातलं ‘सूर्य’सुद्धा सुचेना.

पेंटर म्हणून मी सिहोऱ्याच्या इश्वरला बोलावलं. अवतार काढायला इश्वरच आला, यावर पानठेल्यावर पुरेसे विनोद होऊन गेले आहेत, मी भर घालत नाही. इश्वरचा हात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गाड्यांचे नंबर आणि निवडणुकीच्या भिंती यांवर बसलेला. कागदावर त्यानं दाखवलं ते चांगलं होतं. फक्त तो काम करताना सारखा बोलतो, आणि बोलण्यात जे चालू असतं ते ब्रशमध्ये उतरतं, हे मला उशिरा कळलं.

पहिला मत्स्य. तो इतका टवटवीत उतरला की वैनगंगेवरून आलेल्या चार माणसांत रोहू की कतला यावरून भांडण लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन पाहतो तर मासळीवाली जनाबाई बरोबर मत्स्यावताराखाली टोपली मांडून बसलेली.

“बाई, इथं काहून?” मी विचारलं.

“तुमी बोर्ड लावला ना जी,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक दुरून पायते अन् सरळ येते.”

राधेचं कार्तिकस्नान चालू होतं. त्या महिन्यात आमच्या घरात मासळीचं नावही निघत नाही. आता ती स्नान करून तुळशीला पाणी घालायची आणि भिंतीपलीकडून जनाबाई ओरडायची, “ताजी हाये वो, आत्ताची हाये!” राधेनं माझ्याकडे फक्त पाहिलं. विष्णूनं पहिल्याच अवतारात माझा असा घात केला.

कासव ठीक झालं. वराह मात्र फसला. इश्वरच्या भावाचं धान त्या साली रानडुकरांनी उभ्याउभ्या लोळवलं होतं. तो ब्रश घेऊन वराहासमोर उभा राहिला आणि त्याला आतूनच येईना.

“याले देव कसा काढू, काकाजी?” तो म्हणाला. “यानं पृथ्वी वर काढली म्हणता. आमच्या धानाच्या बांदीत येऊन त यानं सारी पृथ्वी उकरून ठेवली.”

मी त्याला पुराणातला प्रसंग समजावला. त्यानं ऐकून घेतलं आणि मग जो वराह काढला त्याचे डोळे खाली, मान पडलेली, दातांवरची पृथ्वी परत द्यायला आणलेली. वनविभागानं पकडून आणल्यासारखा दिसत होता. येणारे-जाणारे शेतकरी त्याच्यापुढं थांबून समाधानानं मान डोलवत. एकाही शेतकऱ्यानं त्याला नमस्कार केला नाही.

नरसिंह चांगला झाला, इतका की मंगळवारी कोणीतरी त्याला नारळ फोडला. आणि मग वामन.

इथं इश्वरच्या कलेची एक मर्यादा सांगायला हवी. निवडणुकीच्या मोसमात त्यानं फक्त दोन चेहरे रंगवले होते. एक आमच्या वॉर्डाचे ‘भावी नगरसेवक’ प्रफुल्लभाऊ, आणि दुसरा त्यांच्या विरोधात उभा राहणारा इसम. त्यामुळे त्याच्या हाताला माणसाचे दोनच चेहरे येत. देवाला एक, दैत्याला एक, असा तो वाटून देत होता. बोलता बोलता पाचव्या चौकटीत वाटणी चुकली. पाय वर उचललेला बटू वामन विरोधकाच्या चेहऱ्याचा झाला, आणि ज्याच्या डोक्यावर पाय होता तो बळीराजा हुबेहूब प्रफुल्ल झाला. मिशीसकट.

प्रफुल्ल दोन गाड्या घेऊन आला. आधी सहाव्या चौकटीतल्या परशुरामासमोर उभा राहिला. तिथंही त्याचाच चेहरा होता, त्यामुळे खूष झाला, एक फोटो काढवून घेतला. मग डावीकडे सरकला.

“काकाजी,” तो म्हणाला, “थ्या खालच्याची मिशी कोणाची हाये?”

“बळीराजाची,” मी म्हटलं. “मोठा दानशूर राजा. शेतकऱ्यांचा.”

“अन् वरून पाय देऊन राहिला, थो कोण?”

मी म्हटलं वामन. तो म्हणाला, याचं नाव मले मालूम हाये, अन् वामन नाई. मी पुराण सांगू लागलो, बळीचं राज्य येवो असं आपण म्हणतो ते सांगितलं, पाताळाचं राज्य मिळालं तेही सांगितलं. “म्हणजे मी पाताळात?” तो म्हणाला, आणि गाड्या निघून गेल्या. इश्वरनं रातोरात बळीला दाढी रंगवून दिली, त्यानं तो दाढीवाला प्रफुल्ल दिसू लागला. पुढच्या आठवड्यात कचेरीत तक्रार गेल्याचं कळलं. विषय : भिंतीचे विद्रूपीकरण.

हे सगळं मी हसत सोसलं. खरं सांगतो, मला मजाच येत होती. दुःखाची गोष्ट पुढे आहे, आणि तीत चूक इश्वरची नाही.

राम, कृष्ण झाले. नववी चौकट यादोरावांच्या बाजूची पहिली. कॅलेंडरात नववा अवतार बुद्ध आहे. मला तर ही योजना ईश्वरी वाटली. आमचे यादोराव बौद्ध, आणि त्यांच्याच भिंतीवर बुद्ध! मी इश्वरला म्हटलं, इथं घाई करू नको, इथं कोणाचाही चेहरा नको, शांत काढ. आणि त्यानं खरोखर सुंदर काढला. डोळे मिटलेले, मागं पिंपळ, प्रफुल्लचा लवलेश नाही. खाली ठळक लिहिलं, ‘९. बुद्धावतार’. मी आतल्या आत फुलून गेलो होतो. यादोराव परत येतील, पाहतील, त्यांचा गळा भरून येईल, मी म्हणेन ‘अहो त्यात काय, आपण एकच’, असा सगळा संवाद मी तयार ठेवला होता. दहाव्या चौकटीत कल्की झाला. सवयीनं इश्वरनं त्याच्या घोड्यामागं एमएच ३६ लिहिलं, तेही मी आनंदाच्या भरात राहू दिलं.

यादोराव आले ते नातू झाल्याचे पेढे घेऊन. पिशवी हातात, भिंतीशी थांबले. मी दारातून धावत गेलो.

“खास तुमच्यासाठी, भाऊ,” मी म्हटलं.

त्यांनी चित्र पाहिलं. मग खालचं नाव वाचलं. बराच वेळ वाचलं. “चित्र चांगलं हाये,” ते म्हणाले, पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी पेपर आला नाही. म्हणजे पेपर आला, त्यांच्या अंगणात पडल्याचा आवाजही मी ऐकला. पण मधल्या भिंतीवरून हात आला नाही. चहाचा कप धरून मी तिथं उभा राहिलो, साय धरेपर्यंत. तिसऱ्या दिवशीही तेच. यादोराव रस्त्यात दिसले की “जयभीम, लक्ष्मणराव” म्हणायचे, पुढं जायचे. राधा म्हणाली, “तुमीच काईतरी केलं असंल.” बायकोच्या अशा वाक्यात मी सहसा खोट काढतो. त्या दिवशी काढली नाही.

शेवटी मीच गेलो. ते अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसले होते. मला पाट दिला, मूठभर शेंगा माझ्यापुढं टाकल्या. आम्ही दोघं सोलू लागलो.

“तुमी वाईट मनानं नाई केलं, मले मालूम हाये,” ते म्हणाले. “पण माहा बाप छप्पन साली नागपूरले गेला. भाकरीचं गठुडं डोक्शावर घेऊन. बाबासाहेबाईच्या मागं हात जोडून जी शपथ घेतली, तिच्यात हेच हाये. बुद्ध विष्णूचा अवतार हाये असं मी मानणार नाई. बापाले सही येत नव्हती. पण थे वाक्य पाठ होतं. मले त्यानं पाढ्याच्या आधी शिकवलं.”

मी म्हटलं, “मी तर मान देऊन राहिलो होतो, भाऊ.”

“मानच दिला,” ते म्हणाले. “पण आमचा बाप एका रांगेतून बाहेर निघाला होता. तुमी त्याले पुन्हा त्याच रांगेत नेऊन उभं केलं, नवव्या नंबरावर. अन् तेही माह्याच भिंतीवर. मान देतानी माणसाले इचारा लागते, लक्ष्मणराव.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. इतकी वर्षं भिंतीवरून हात देणाऱ्या माणसाला मी कधी विचारलंच नव्हतं की तुमच्या घरात काय मानतात. मला फार शरम वाटली, आणि हातातल्या शेंगेचा दाणा मी साल समजून फेकून दिला.

त्याच दुपारी मी स्वतः चुन्याची बादली घेतली आणि नववी चौकट पांढरी केली. इश्वर बाजूला उभा राहून डोळे पुसत होता, कारण त्याच्या आयुष्यातला पहिलाच चेहरा होता तो, जो प्रफुल्लसारखा नव्हता आणि त्याच्या विरोधकासारखाही नव्हता. आता तिथं काय काढायचं यावर आळीनं सल्ले दिले. कोणी म्हणे विठोबा, कोणी म्हणे बलराम, कोणी आपापल्या महाराजांचे फोटो आणून दिले. जनाबाई म्हणाली, “पुन्हा मासा काढा, बरकत येईल.” मी म्हटलं, काही नाही, कोरी राहू दे. ज्याची भिंत त्यालाच विचारू, त्याच्या मनात येईल तेव्हा. यादोरावांनी पांढरी चौकट पाहून मान हलवली. राग गेला होता. सवय मात्र परत आली नव्हती. पेपर काही भिंतीवरून येईना, आणि मी रोज कप घेऊन उभा राहून आत येत होतो.

आणि एके सकाळी प्रफुल्लच्या तक्रारीवरून कचेरीचे साहेब आले. पांढराशुभ्र शर्ट, बगलेत फाइल, गाल फुगलेले. साहेबांच्या तोंडात खर्रा होता, त्यामुळे चौकशी खुणांनी सुरू झाली. त्यांनी फाइलकडे बोट दाखवलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे, आणि भुवया वर नेल्या. मी प्रभारी अधीक्षक होतो, मला खुणांचा पत्रव्यवहार कळतो. मी म्हटलं, “हो, मीच.”

साहेबांना आता बोलणं भाग होतं. त्यांनी डावीकडे पाहिलं. मत्स्य. हात जोडले. कासव, हात जोडले. वराहापुढं जरा थांबले, त्यालाही जोडले. नरसिंहापाशी चप्पल काढून पुन्हा घातली. गाल आता फारच फुगले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. वामन, परशुराम, राम, कृष्ण, सगळ्यांना ते घाईघाईनं नमस्कार करत सरकत गेले, आणि नवव्या चौकटीपाशी त्यांचा चेहरा उजळला. कोरी, पांढरी, निर्देव जागा. साहेबांनी तिथं आयुष्यातली सर्वांत मोठी पिचकारी मारली.

“हां,” ते फाइल उघडत म्हणाले, “तं भिंतीच्या विद्रूपीकरणाबाबत तुमाले नोटीस हाये.”

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. मी आयुष्यात साहेबावर ओरडलो नव्हतो, निवृत्तीनंतरही नाही. “अहो, ती यादोरावांची चौकट आहे!” मी ओरडलो. “तिथं काही नाही म्हणून थुंकता? तिथं काही नाही हे मी ठेवलं आहे! विचार करून ठेवलं आहे!” साहेबांना यातलं काहीच कळलं नाही, आणि मला तरी कुठं नीट कळत होतं. पण रडू यायचं तेवढं बाकी होतं.

माझा आवाज ऐकून यादोराव बाहेर आले. ते अंगणात उन्हात दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस, अंगात बनियन, एका हातात वस्तरा आणि एका हातात भिंतीवरून काढलेला आरसा. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, खाली ओघळणाऱ्या लाल रेघा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. मी चुन्यानं ती जागा पांढरी का ठेवली ते त्यांना बहुधा तेव्हा नीट कळलं. साहेबांसमोर जाऊन त्यांनी आरसा वर धरला.

“साहेब,” ते नरमपणे म्हणाले, “विद्रूपीकरण कायले म्हणतेत, थे जरा पाहा जी.”

साहेबांनी पाहिलं. हनुवटीवर लाल धार, तिथून पांढऱ्या शर्टावर, थेट खिशातल्या पेनापर्यंत. त्याच क्षणी राधा दारात आली आणि सगळं दृश्य पाहून उद्गारली, “बाप्पा! काय हा अवतार!”

ती कोणाला म्हणाली ते अजून ठरलेलं नाही. साहेबांनी रुमाल काढला, यादोरावांनी फेस पुसला आणि मी चुना लागलेली लुंगी सारखी केली. तिघांनीही एकाच आरशात पाहून.

त्यानंतर साहेब फार गरीब झाले. राधेनं पाणी दिलं, जनाबाईनं तुरटीनं डाग निघतो असं सांगितलं. यादोरावांनी शांतपणे विचारलं, “ही चौकट माही हाये. इथं मी आरसा लावला तं चालंल का?” साहेबांनी विचार केला. विद्रूपीकरणाच्या नियमात आरसा कुठं बसत नव्हता. त्यांनी फाइलवर शेरा मारला, ‘सदर भिंतीवर आरसा लावण्यात येणार असल्याने सौंदर्यीकरण वाटते’, आणि मान खाली घालून निघून गेले.

यादोरावांच्या जुन्या लोखंडी कपाटाच्या दाराचा लांब आरसा नवव्या चौकटीत बसला. इश्वरनं कडेनं साधी निळी पट्टी काढली आणि विचारलं, “नाव काय लिहू?”

“काईच नको,” यादोराव म्हणाले. “या चौकटीत कोणी कोणाचा अवतार नाई. जो येईल, थो स्वतःच येईल.”

आणि ऐका, थुंकणं बंद झालं. आठ देव आणि एक घोडा यांना जे जमलं नव्हतं ते आरशानं केलं. खर्रावाले रस्ता ओलांडून येत, देवांना टाळत टाळत रिकामी जागा शोधत नवव्या चौकटीशी येत, आणि समोर फुगलेल्या गालांचा, बटबटीत डोळ्यांचा एक इसम थुंकायच्या तयारीत दिसला की दचकत. स्वतःच्या तोंडावर थुंकणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मला नाही. काही जण गिळतात, ठसका लागतो, आणि आता जनाबाईनं मासळीच्या टोपलीशेजारी पाण्याचा माठ ठेवला आहे. कॉलेजची पोरं तिथं केस विंचरतात. वराती थांबतात. प्रफुल्लही येतो, सकाळी, गर्दी नसताना, आणि आरशासमोर हात जोडून मतदाराकडे पाहायचं हसू जमवतो. बळीच्या दाढीबद्दल तो आता काही बोलत नाही.

आरसा बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीनं कप घेऊन मधल्या भिंतीशी उभा होतो. येईल अशी आशा नव्हती, पण चहा तर ठेवलेलाच होता. आणि भिंतीवरून हात आला. पेपर घेऊन. मी कप दिला, पेपर घेतला.

आत येऊन मी कोडं उघडलं. एकही अक्षर भरलेलं नव्हतं. ‘सूर्य’ नाही, ‘नदी’ नाही, सगळ्याच्या सगळ्या चौकटी कोऱ्या. मला इतकी वर्षं हवं होतं ते हेच. मी चष्मा पुसला, पेन घेतला आणि बसलो. आडवे शब्द पाहिले, उभे पाहिले, पुन्हा आडवे पाहिले. तासाभरानं राधा म्हणाली, “आंघोळ करता का नाई? काय अवतार करून बसले!”

मी उठलो, मधल्या भिंतीशी गेलो आणि पेपर परत पलीकडे दिला.

“भाऊ,” मी म्हटलं, “तुम्हीच भरा. माझा एक तेवढा ठेवा.”